वाकडं अंगण

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि वर ही वही लावून दिली. म्हणाले, "रक्तदाब नाही, तुमचं डोकं चढतं. रोज एक चांगली गोष्ट लिहा." मी म्हटलं, डॉक्टर, मी सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली करतो, मधल्या वेळात लोकांच्या नाकावर चष्मे ठेवतो. यात चांगली गोष्ट कुठून आणू? तर म्हणतात, "जगाला दिसायची सोय करता, जरा स्वतःही बघा."

वही हिने माळ्यावरून शोधून दिली. पहिली चार पानं फाडलेली आहेत. आजची चांगली गोष्ट : वही फुकट मिळाली.

४ मार्च, मंगळवार

चांगली गोष्ट : नाही.

६ मार्च, गुरुवार

ही म्हणाली, "अहो, काही सुचत नसेल तर चहा लिहा. दिवसातून चार वेळा पिता, एकदाही बरा झालाय म्हणाला नाहीत." चहा.

७ मार्च, शुक्रवार

आज खरंच काहीतरी लिहिण्यासारखं आहे.

मावशींच्या काचा आल्या. या मावशी कुणाच्याच सख्ख्या नाहीत. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, पन्नास वर्षं पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून अख्ख्या रस्त्याच्या मावशी झाल्या आहेत. वय बहात्तर. नंबर वाढलाय, तोही तिरपा, म्हणजे काच ठरल्या कोनातच बसायला हवी, पण फ्रेम मात्र जुनीच हवी, वीस वर्षांपूर्वीची, गोल. गोल फ्रेम म्हणजे आमच्या धंद्यात डोकेदुखी. चौकोनी काच आपली जागा सोडत नाही. गोल काच डब्याच्या झाकणासारखी कशीही फिरते, आणि डावी काच उजवीकडेही बिनबोभाट बसते. म्हणून काचेवर शाईचे ठिपके द्यायचे, डावी-उजवी लिहायचं आणि मगच काम करायचं.

अकराच्या सुमाराला काचा घासून झाल्या. बोटांनी शाई पसरून गिचमिड झाली होती, म्हणून स्पिरिटने दोन्ही स्वच्छ पुसल्या आणि सहज उन्हात धरल्या. समोरच्या भिंतीवर दोन गोल कवडसे पडले. कडेला रंगांची बारीक झालर. काच फिरवली की कवडसा लांबट व्हायचा, आणखी फिरवली की आडवा पडायचा, जसा काही कूस बदलतोय. मी हिला हाक मारली. आधी "कामं पडलीत" म्हणाली, मग तिनेही एक काच हातात घेतली. पाच-दहा मिनिटं आम्ही दोघं भिंतीवर कवडसे नाचवत होतो. ही हसत होती. शेवटची अशी कधी हसली होती ते आठवेना. मग गिऱ्हाईक आलं, काचा टेबलावर ठेवल्या, दुपारी जेवून आल्यावर फ्रेममध्ये बसवल्या.

चांगली गोष्ट : कवडसे. तीस वर्षं काचा हाताळतोय आणि एकदाही उजेडात धरून बघावंसं वाटलं नाही! डॉक्टर अगदीच वेडा नाही.

८ मार्च, शनिवार

मावशी चष्मा न्यायला आल्या. घातला, आरशात पाहिलं, खाली पाहिलं. "अरे चष्म्या," (मला त्या चष्म्याच म्हणतात) "जमीन एका बाजूला कललीय का रे?"

मी म्हटलं, "नवीन नंबर आहे मावशी. आठ दिवसांत सवय होईल."

हे वाक्य मला वडिलांनी गल्ल्यावर बसवलं त्याच दिवशी शिकवलं होतं. शंभरातल्या नव्वदांना खरंच सवय होते. उरलेले दहा परत येतात, तेव्हा बघायचं.

मावशी हसल्या. "माझंच चुकत असेल. नाचता येईना, अंगण वाकडं!" दुकानाची पायरी उतरताना मात्र त्यांनी पाय असा चाचपडत टाकला की पाण्यात उतरताहेत असं वाटावं. मला हसू आलं.

चांगली गोष्ट : फळवाल्याच्या तराजूवर चिमणी बसली. काटा हलला. अगदी किंचित, पण हलला. चिमणीलाही वजन असतं.

११ मार्च, मंगळवार

मावशी पडल्या.

मी शटर उघडत होतो. समोरच्या जिन्यात आधी डबा गडगडल्याचा आवाज, मग त्यांचा. दुधाचा डबा घेऊन उतरत होत्या. शेवटच्या चार पायऱ्या. मी आणि फळवाला धावलो. डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता. "पायरी तिथे नव्हती रे," एवढंच म्हणत होत्या, "होती तिथे नव्हती." मांडीचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन.

चष्मा तळाशी पडला होता, फ्रेम वाकलेली. मी उचलून खिशात टाकला. सरळ करून देईन.

१२ मार्च, बुधवार

ऑपरेशन नीट झालं म्हणतात.

फ्रेम सरळ केली. मग हाताला लागलेल्या सवयीने चष्मा नंबर तपासायच्या यंत्रावर ठेवला. वाटलं, यंत्र बिघडलं. माझा स्वतःचा चष्मा ठेवून पाहिला. यंत्राला काहीही झालेलं नाही.

उजवी काच डावीकडे आहे. डावी उजवीकडे. वर दोन्ही फिरलेल्या.

मी ही वही काढली. शुक्रवारचं पान. माझंच अक्षर. "स्पिरिटने दोन्ही स्वच्छ पुसल्या." ठिपके काच बसवून, यंत्रावर तपासून मग पुसायचे असतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी आधी पुसले आणि नंतर तपासलंही नाही. का, तर साहेब चांगली गोष्ट बघत होते.

काचा काढून बरोबर बसवल्या. पाच मिनिटं लागली. हिने विचारलं, "काय झालं हो, चेहरा का असा?" म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय.

चांगली गोष्ट लिहायचा मला अधिकार नाही.

२० मार्च, गुरुवार

मावशींना घरी आणलं. खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं, त्यात मी एक. त्यांची भाची आली आहे, दुसऱ्या गावी नोकरीला असते, रजा टाकून आली. एकच नातं त्यांना.

मी चष्मा दिला. त्यांनी घातला आणि बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या. मशीनच्या पायाकडे, मग दाराच्या उंबऱ्याकडे, मग परत जमिनीकडे.

"आता नाही कललेली," म्हणाल्या.

आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "बघा! झाली की नाही सवय?"

तोंडातून गेलं. तीस वर्षांचं वळण. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "झाली असेल," म्हणाल्या.

२५ मार्च, मंगळवार

रोज दुपारी जातो. औषधं आणून देतो, पाणी भरतो. रस्त्यावर माझं नाव झालंय. ही अभिमानाने सांगते, "आमच्या ह्यांनी दुकान बंद ठेवून धाव घेतली." ते ऐकलं की जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटतं.

आणि मावशी! मला वाटलं होतं रडत असतील, कण्हत असतील. कण्हतात, पण मधेच म्हणतात, "चष्म्या, ती माशी बघ. हात धुतेय. माझ्यापेक्षा नीट धुते." काल म्हणाल्या, "या उशीचा अभ्रा मी बारा वर्षांपूर्वी शिवला. आज पडल्या पडल्या सगळे टाके मोजले. एक सैल नाही. कुणी शिवलाय असं विचारावंसं वाटलं." आज खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या बादलीचा उजेड छतावर थरथरत होता, तो त्यांनी मला खाली बसवून, मान वर करायला लावून दाखवला. "तुझ्या काचांमुळे इतकं स्वच्छ दिसतं रे," म्हणाल्या. "देव भलं करो तुझं."

मी वर बघत राहिलो. खाली बघायची सोय नव्हती.

इथे लिहून ठेवतो, पण या चांगल्या गोष्टी माझ्या नाहीत. चोरीचा माल आहे.

२ एप्रिल, बुधवार

भाचीने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "दादा, मी मावशीला घेऊन जाणार. इथे एकटं ठेवणं धोक्याचं आहे. पाय मोडला त्याचं एवढं नाही, पण पायरी तिथे नव्हती म्हणते. आणि हल्ली एकटीच डोळे मिटून पुटपुटत असते. काय ते विचारलं तर सांगत नाही. डोकं काम देईनासं झालंय. खोली सोडायची, मशीन विकायची. तिला पटत नाही. तुमचं ऐकेल ती. तुम्ही सांगा."

मी वर गेलो. मावशी खरंच पुटपुटत होत्या. मला बघून थांबल्या.

"काय रे, भाची म्हणते माझं वय झालं. जमीन कुठे आहे तेही मला कळत नाही म्हणते. तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत बसून राहायचं, हाताला काम नाही, खाली ओळखीचं कुत्रं नाही. तुला काय वाटतं? तू डोळ्यांतलं जाणतोस. माझंच बिघडलंय का?"

किती सोपं होतं. "नाही" एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "वय झालं की होतंच मावशी."

मावशी मशीनकडे बघत राहिल्या. मी पाण्याची बादली भरली आणि आलो. असा माणूस आहे मी. इथे लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे नंतर सारवासारव करता येणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं तर काय होईल याचा हिशोब मांडत बसतो. दुकानाची पत जाईल. वडिलांपासूनची गिऱ्हाइकं. लोक म्हणतील, याच्यामुळे मावशी पडल्या, आणि योग्यच म्हणतील. ही काय म्हणेल?

न सांगितलं तर काय होईल, तो हिशोब एका ओळीचा आहे. मावशींना स्वतःच्या डोक्यावर विश्वास उरणार नाही, आणि त्या जातील.

अकरा वाजता भिंतीवर ऊन येतं. मी आता तिकडे पाठ करून बसतो.

९ एप्रिल, बुधवार

मावशी आज जुन्या आठवणींत शिरल्या होत्या. म्हणाल्या, "पन्नास वर्षांत मी एकदा कोटाच्या बाह्या उलट्या लावल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. बोलत होते कुणाशी तरी, खुणेचे दोरे आधीच काढून टाकले होते. तो गृहस्थ म्हणाला, हात पुढे नेताना ओढतंय. मी म्हटलं, घालून घालून बसेल. आम्ही शिंपी लोक असंच म्हणतो. त्याने चार हिवाळे घातला तो कोट. रस्त्यात दिसला की हात असा आखडून चालायचा. लोकांना वाटायचं, त्याच्या हाताला काहीतरी झालंय. शेवटी त्यालाही तसंच वाटायला लागलं. मालिश करून घ्यायचा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी बोलले नाही. तो गेला एक दिवस. आता कुणाला सांगू?" माझ्याकडेच बघत होत्या. "बाही उसवता येते रे. दहा मिनिटांचं काम. माणूस समोर आहे तोवर."

मला वाटलं, पडून पडून जुनं उकरून काढतात बिचाऱ्या. समजूत घालायची म्हणून म्हटलं, "जाऊ द्या मावशी, हातून होतं एखाद्या वेळी."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. "फ्रेम सरळ केलीस तेव्हा काचा बदलल्यास का रे?"

"नाही. त्याच आहेत."

"त्याच?"

"त्याच."

खोटं नाही बोललो. काचा त्याच आहेत. पण त्यांनी हे का विचारलं कोण जाणे.

१३ एप्रिल, रविवार

चिठ्ठी लिहिली, फाडली. परत लिहिली, परत फाडली. वहीची आणखी दोन पानं गेली. पुढच्या रविवारी मशीन घ्यायला माणूस येतोय.

२० एप्रिल, रविवार

जसं घडलं तसं लिहितो.

दहा वाजता मी गेलो तेव्हा जुन्या मशीन विकत घेणारा तो माणूस आधीच आला होता. मशीनचा डोक्याचा भाग उचलून बघत होता. भाची खोक्यात दोऱ्यांची रिळं भरत होती. मावशी वॉकरला धरून भिंतीशी उभ्या होत्या, नवीन शाळेत आणून सोडलेल्या पोरीसारख्या. त्या माणसाने चाक फिरवलं. खडखड नाही, कुरकुर नाही, नुसती सळसळ. तो म्हणाला, "वा, काय जपलीय!"

मावशी म्हणाल्या, "परवाच तेल दिलंय. वॉकर धरून. डाव्या बाजूच्या भोकात दोनच थेंब द्यायचे, जास्त नाही." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी म्हणालो, "मशीन ठेवा खाली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठरवलेलं एक वाक्य आठवेना. जे तोंडात आलं ते बोललो. "मावशी, चूक माझी आहे. तुमच्या काचा मी उलट्या बसवल्या होत्या. डावी उजवीकडे. खुणा आधीच पुसल्या आणि नंतर तपासलंही नाही. तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मला कळलं. मी गुपचूप बरोबर करून आणून दिल्या."

भाचीच्या हातातलं रीळ खाली पडलं आणि दोरा सोडत पलंगाखाली गेलं. "सहा आठवडे झाले!" ती म्हणाली. "दादा, महिनाभर तुम्ही रोज येऊन पाणी भरताय, आणि हे आत्ता सांगताय?"

"तू थांब गं," मावशी म्हणाल्या. "चष्म्या, परत सांग. हळू सांग. मी दुकानात जमीन कललीय म्हटलं, तेव्हा ती मला कललेली दिसत होती?"

"हो. दिसणारच. कुणालाही दिसली असती."

"पायरी होती तिथे दिसत नव्हती?"

"नव्हती मावशी."

"म्हणजे अंगण वाकडं होतं."

"हो."

"खरंच वाकडं होतं!" आणि त्या हसायला लागल्या. वॉकर धरून, अंग हलवून हसल्या, मग त्याच हसण्यात रडायला लागल्या. भाची धावली, तर तिला म्हणाल्या, "अगं, मी डोळे मिटून काय पुटपुटते विचारत होतीस ना? पाढे म्हणते पाढे! एकोणतीसचा. डोकं ठिकाणावर आहे का बघायला. रोज बरोबर यायचा, आणि तरी मला खात्री वाटत नव्हती."

भाची मटकन पलंगावर बसली.

मग मावशी माझ्याकडे वळल्या. हसू गेलं होतं. "मला चष्मा परत घातला त्याच दिवशी शंका आली. पण म्हाताऱ्या माणसाच्या शंकेला कोण विचारतं? मीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, खरं असेल तर हा सांगेल. बाह्यांची गोष्ट सांगितली, तरी तुझं आपलं 'जाऊ द्या मावशी'. गाढवा! 'वय झालं की होतंच' म्हणालास मला. पाय मोडला त्याचं एवढं नाही रे. हाड डॉक्टरने जोडलं. ते वाक्य मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपले."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही रागावा."

"रागावू नको तर काय, पाठ थोपटू? जा आता. मी बोलावल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

मशीनवाला बिचारा काय ते समजून मशीन खाली ठेवून केव्हाच निघून गेला होता.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मीही होते ना तिथे, कवडसे नाचवायला." मी म्हटलं, तुझा काय दोष? तर म्हणाली, "दोष नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं हो. आता ते कुठे ठेवू?"



२३ एप्रिल, बुधवार

भाचीने रस्त्यावर सगळ्यांना सांगितलं. तिने सांगायलाच हवं होतं. तीन जण आपले चष्मे तपासून घ्यायला आले, एकाने ऑर्डर परत नेली. फळवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज बोलला, पण "पेरू चांगले आहेत" एवढंच.

खोली सोडायचं रद्द झालं. भाची महिनाभर राहून एकटीच जाणार आहे. हे मला फळवाल्याच्या बायकोकडून कळलं.

२९ एप्रिल, मंगळवार

एक पोक्त बाई चष्मा घालून म्हणाल्या, "जरा उंच-सखल दिसतंय." वाक्य जिभेवर आलंच. मी ते गिळलं, चष्मा काढून घेतला आणि यंत्रावर ठेवला. काचा बरोबर होत्या. तरी दुसऱ्यांदा तपासल्या. बाई म्हणाल्या, "तुम्हाला फार वेळ लागतो बुवा." म्हटलं, हो, लागतो.

मावशींनी अजून बोलावलेलं नाही. त्यांची खिडकी दुकानातून दिसते. दुपारी मशीनचा आवाज येतो, थांबत थांबत. एकाच पायाने चालवतात वाटतं.

११ मे, रविवार

सकाळी खिडकीतून हाक आली. "चष्म्या! जिना उतरायचाय."

मी चपला न घालता धावलो. भाची मागून धरून, मी पुढे, उलटा, एकेक पायरी मागे सरत. मावशींच्या एका हातात कठडा, दुसरा माझ्या खांद्यावर. खांदा चांगलाच दाबला जात होता, आणि तो फक्त आधारासाठी दाबला जात नव्हता. मधे एकदा थांबल्या, म्हणाल्या, "राग गेला नाहीये अजून. सांगून ठेवते." मी म्हटलं, "बरं."

शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या. चष्म्यातून खाली बघितलं. आधी डावा पाय सोडला, जमिनीवर पुढे-मागे सरकवला, जसं शिवण्याआधी कापड हाताने सरळ करतात. मग दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या.

"सपाट आहे," म्हणाल्या.

मीही खाली पाहिलं. साधी फरशी, एक कोपरा उडालेला, मधे कुणाचा तरी सांडलेला चुना. रोज इथून जातो. कुणी तरी कधी तरी गुडघ्यांवर बसून, पाणसळ लावून ती समतल केली असेल, आणि तेव्हापासून सगळी माणसं तिच्यावर न बघता पाय टाकत आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींना दिसलं, पण त्यांनी ते सोडून दिलं.

फळवाल्यापर्यंत गेलो. त्यांचा डावा पाय ओढतो. डॉक्टर म्हणाले, थोडा ओढतच राहणार. मावशी म्हणतात, सवय होईल. मला मात्र त्याची सवय होऊ नये.

आजची चांगली गोष्ट : जमीन सपाट आहे.